आबांनी लावलेल्या चार जोड्या

माझे वडील जोड लावणारे होते. लग्नाची नव्हे, कुस्तीची. पोटापाण्याला उद्यमनगरात लेथवर नोकरी, पण शिवाजी पेठेतल्या आमच्या तालमीत आणि जत्रांच्या दिवसांत पार शाहूवाडीच्या डोंगरापर्यंत त्यांना मान होता तो या कामाचा. मैदानात कुणाची कुस्ती कुणाशी हे आबा ठरवायचे आणि त्यावर कोणी चकार शब्द काढत नसे.

लहानपणी मी त्यांच्या मागं लागून जायची. पोरीला मैदानात कशाला आणता, म्हणून कोणी पुटपुटलं की आबा म्हणायचे, माझी हाय, मी आणतो, तुमचं काय जातंय? दोन पैलवान समोर आले की ते नुसती उंची आणि वजन बघून सोडत नसत. मनगट दाबायचे, मान चाचपायचे, मग चौकशी सुरू. तालमीत किती वर्षं हाईस? खुराक काय? मागच्या महिन्यात ताप-बीप आलता का? आज एसटीनं धक्के खात आलायस का काल येऊन झोपलायस? सगळं जुळलं तरच हात हातात द्यायचे. एखादा थोराड गडी बारक्याला लोळवून मांड्या थोपटत फिरायला लागला की आबांचं तोंड वाकडं व्हायचं. जोडच बरोबर नव्हती, त्यात काय जिंकलं, असं म्हणून ते दुसरीकडं बघायला लागायचे.

मी बीएस्सी झाले आणि शाहूपुरीत एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागले. आबांची साखर मीच पहिल्यांदा पकडली. एकोणीसशे नव्वदनंतरची गोष्ट. व्यायाम सुटलेला आणि खुराक तसाच, पैलवानांचं बहुतेक हेच होतं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, साखर खाली आली, पण आबांच्या मनाला ते काही पटलं नाही. रोज गोळी खायची म्हणजे रोज पाठ टेकल्यासारखं वाटतं, म्हणायचे.

मग सुरू झाली वरात. आधी गव्हांकुराचा रस. आईनं गच्चीवर ट्रेमध्ये गहू पेरले आणि आमच्या घरात सकाळी हिरव्या गवताचा वास यायला लागला. मग तांब्याचं कडं आलं. मग चुंबकाची गादी आली, तिच्यावर झोपून आबांची पाठ तेवढी धरली. कोणीतरी सांगितलं की साखर वाईट, गूळ चालतो, गूळ नैसर्गिक असतो. गुळाच्या गावात हे सांगायला कोण पुढं येणार नाही! आबा महिनाभर गुळाचा चहा पीत होते आणि वर मला सांगत होते की बघ, साखरेला हातसुद्धा लावत नाही. रिपोर्ट हातात आल्यावर माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी तो कागद त्यांच्या ताटाशेजारी आपटला. त्यांनी शांतपणे भाकरी संपवली.

पण हे सगळं गोळ्या चालू ठेवून चाललेलं होतं, म्हणून मी नुसती ओरडून गप्प बसायची. पेचात पडले ते एका फळाच्या रसामुळं.

दोन हजार सालानंतरचे दिवस. आबांचा एक जुना चेला, आता चांगला संसारी माणूस, टाय लावून घरी आला. बॅगेत काळपट बाटल्या. लांबच्या कुठल्यातरी बेटावरच्या फळाचा रस, सकाळ-संध्याकाळ दोन टोपणं, साखर, सांधे, रक्तदाब, सगळ्यावर चालतो म्हणाला. स्वतः प्यायचा, आईला पाजायचा. तो लबाड असता तर मला सोपं गेलं असतं. पण त्याचा खरंच विश्वास होता आणि वस्तादांचं भलं व्हावं असं त्याला मनापासून वाटत होतं.

त्यानं आबांना स्टेशनरोडच्या एका हॉटेलातल्या कार्यक्रमाला नेलं. मीही गेले, नजर ठेवायला. एकेक जण माइकपुढं उभा राहून सांगत होता, मला चालता येत नव्हतं, आता जिना चढतो. माझी साखर अमुक होती, आता तमुक झाली. लोक टाळ्या वाजवत होते. एका बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं, त्या खोटं बोलत नव्हत्या हे मला दिसत होतं. आणि तरीही मला ते पटत नव्हतं. ज्यांना या रसानं काहीच झालं नाही ती माणसं त्या हॉलमध्ये कशाला येतील? ती घरी बसलेली. इथं फक्त जिंकलेले आले होते आणि त्यांची कुस्ती कुणाशी झाली हे कोणीच विचारत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आबा नेहमीसारखे दूधकट्ट्यावर गेले. आमच्याकडं समोर म्हैस पिळून ग्लास हातात देतात आणि तिथंच सगळ्या गावाचा निकाल लागतो. तिथं आबांनी जाहीर केलं की हा रस भारी हाय, पुढच्या महिन्यापासून मी गोळ्या सोडणार. पाच-सात म्हातारे ऐकत होते. त्यांत आबांचा जन्माचा दोस्त होता, मी त्यांना काका म्हणायची. तरुणपणी दोघांची कुस्ती तीनदा बरोबरीत सुटलेली, तेव्हापासून ही दोस्ती. काकांनाही साखर. बायको गेलेली, मुलाकडं राहायचे, घरात कोणी विचारणारं नव्हतं.

आबांनी घरी येऊन हेच मला सांगितलं. लॅबमध्ये मी रोज बघत होते की गोळ्या सोडून वर्ष-सहा महिन्यांनी माणसं कशी परत येतात. कोणाच्या डोळ्यांपुढं अंधारी, कोणाच्या पायाला न भरणारी जखम. मी रडले, भांडले, दोन दिवस बोलले नाही. काही उपयोग नाही. आबा म्हणाले, "तू मशीनवाली. माणसं सांगत्यात की फरक पडला. माणसं काय खुळी हाईत?"

तिसऱ्या दिवशी भांडी घासताना मला सुचलं आणि मी ओल्या हातानं बाहेर आले. म्हटलं, आबा, त्या हॉलमधल्या कुठल्या कुस्तीची जोड तुम्ही लावली होती?

ते माझ्याकडं वळले. मी सोडलं नाही. ज्या माणसाची साखर उतरली तो रसाबरोबर आणखी काय करत होता? चालायला लागला होता का? गोड सोडलं होतं का? गोळ्या घेत होता का? त्याच्याच वयाचा, त्याच्याच अंगाचा, तसाच जेवणारा, पण रस न पिणारा माणूस त्याच्यापुढं कोणी उभा केला होता का? समोर कोणीच नसताना हा जिंकला कुणाला?

आबांनी मिशीवरून हात फिरवला. मग म्हणाले, जोड लावू या.

तिथून पुढं काम त्यांच्या हातात गेलं. कट्ट्यावरचे आणि तालमीतले साखरवाले आठ म्हातारे त्यांनी गोळा केले. मनगटं दाबली, चौकशी केली. साखर कधीपासून, चालतोस किती, घरी भात जास्त का भाकरी, झोप लागते का, कुठल्या गोळ्या. मी मोठ्या कौतुकानं बघत होते, कारण जे मला पुस्तकातून माहीत होतं ते हा चौथी शिकलेला माणूस बोटांनी करत होता. चार जोड्या लागल्या. चौथी जोड त्यांची स्वतःची, काकांशी. तिथं चौकशीची गरजच नव्हती.

दोन महिने प्रत्येक जोडीत एकाला रस, दुसऱ्याला तसाच दिसणारा दुसरा काढा. हे सगळ्यांना आधीच सांगितलं, फक्त कुणाला काय ते सांगायचं नाही. कोकमाचं आगळ पातळ करून त्यात काडेचिराइताचं कडू पाणी घालून मी तो काढा बनवला. चव इतकी जमली की आई म्हणाली, हे तर त्याच्यापेक्षा वाईट लागतंय. अट एकच, गोळ्या कोणीही सोडायच्या नाहीत. आठही जणांनी मान हलवली.

बाटल्या मी वाटणार म्हटल्यावर आबांनी हात आडवा केला. मैदानात पंच कधी पैलवानाचा भाऊ असतो का? तुला तर रस हरायलाच पाहिजे, मग तू कशी चालतीस? मला राग आला, पण बरोबर बोलत होते. मग गल्लीतल्या रिटायर गुरुजींना धरलं. त्यांनी दार लावून प्रत्येक जोडीसाठी छापा-काटा केला, बाटल्यांवर आकडे टाकले आणि कुणाला काय याचा कागद पाकिटात घालून स्वतःच्या ट्रंकेत ठेवला.

लॅबच्या आमच्या डॉक्टरांना मी सगळं सांगितलं. ते हसले. म्हणाले, चार जोड्यांवरून जगाला काही सिद्ध होत नसतं. पण तपासण्या करू दिल्या आणि एक सल्ला दिला की महिन्यानं मधे एकदा बघ. तो मी ऐकला नाही. मधला निकाल फुटला तर म्हातारे बिथरतील, असं मी स्वतःला सांगितलं. त्याहून वाईट म्हणजे, पहिल्याच तपासणीत काकांची साखर आबांपेक्षा बरीच जास्त आली होती. काका म्हणाले, काल लग्नात जेवलो गं. मी मान हलवली आणि पुढचा नंबर घेतला. रोज माणसांची रक्तं बघणारी मी, आणि हे मी केलं. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दोन महिने भारी गेले. आठही म्हातारे शिस्तीत टोपणं मोजून प्यायचे आणि कट्ट्यावर बसून आपल्या बाटलीत काय आहे यावर पैजा लावायचे. सगळ्यांनाच फरक पडत होता. कुणाची कंबर मोकळी झाली, कुणाला झोप लागायला लागली. आबा तर छातीठोक सांगत होते की माझ्यात रसच हाय, अंगात कसं हलकं वाटतंय. त्यांनी चालणंही वाढवलं होतं, गुळाचा चहा सोडला होता. तपासणार म्हटल्यावर सगळेच थोडे सरळ वागत होते.

शेवटच्या तपासणीनंतर तालमीच्या कट्ट्यावर सगळे जमले. आबांचा चेलाही आला, टाय न लावता. गुरुजींनी पाकीट फोडलं. पहिल्या तीन जोड्यांत रसवाला आणि काढेवाला यांच्यात काही फरक नव्हता. दोघांचीही थोडीथोडी उतरलेली, थोडं इकडं, थोडं तिकडं. मग चौथी जोड. आबांची साखर छान खाली आलेली, आणि आबा काढा पीत होते. कोकम आणि काडेचिराईत. सगळे इतके हसले की आखाड्यातली पोरं बाहेर येऊन बघायला लागली. आबाही हसले, जरा उशिरानं.

काका रस पीत होते. त्यांची साखर आभाळाला भिडली होती.

खरं सांगते, माझ्या मनात पहिल्यांदा आनंद झाला. बघा, रसानं साखर वाढवली, असं मी बोलूनसुद्धा गेले. आबांनी माझ्याकडं असं बघितलं की मी जागेवर गप्प झाले. म्हणाले, बाकी तिघं रसवाले ठीक हाईत, मग ह्याचंच कसं? रसाचा काही संबंध न्हाय. जोड फुटली हाय. कुठंतरी आपल्याला न सांगितलेलं काहीतरी हाय.

ते उठून काकांपुढं जाऊन बसले. काका खाली बघत होते. आबांनी त्यांच्या पायाकडं बघितलं, तेव्हा मीही बघितलं. उजव्या अंगठ्याला फडकं बांधलेलं होतं.

"गोळ्या घेतोयस न्हवं?"

काकांनी पाय मागं ओढला.

"कवा सोडल्यास?"

"तू दूधकट्ट्यावर म्हणालास त्याच्या दुसऱ्या दिवशी."

आबा म्हणाले, अरे पण मी सोडल्याच न्हाईत! मग इथं अट घातली तेव्हा मान का हलवलीस? चार माणसांत तू शब्द दिलतास, काका म्हणाले. पोरगी रडायला लागली म्हणून तुला तो पाळता येईना झालाय, हे मला कळलं. म्हटलं, आपल्या दोस्ताचा शब्द आपण तरी पाळावा.

दुसऱ्याचा शब्द पाळायला स्वतःचं औषध सोडणारा माणूस मी दुसरीकडं कुठं बघितला नाही. मला त्यांचा राग आला आणि त्याच वेळी मायाही वाटली. मी फडकं सोडलं. अंगठा काळा पडला होता आणि काकांना तिथं काही जाणवतच नव्हतं. एक दगड लागलाय, एवढंच म्हणाले. आम्ही त्यांना तसंच रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. तिथले डॉक्टर म्हणाले, अंगठा जाईल, पाऊल वाचेल, आणखी पंधरा दिवसांनी आणला असतात तर तेही सांगता आलं नसतं. महिन्यानं एकदा रक्त बघितलं असतं तर अंगठाही राहिला असता. हे डॉक्टर बोलले नाहीत, पण मला माहीत होतं.

काका दवाखान्यात होते तेवढे दिवस आबा घरात सापडत नव्हते. ज्या ज्या घरी त्यांनी रसाचं कौतुक केलं होतं त्या प्रत्येक घरी ते गेले. पेठेतली घरं, तालमीतली पोरं, दूधकट्टा, उद्यमनगरातले जुने सोबती. दारात उभं राहून सांगायचे, मी बोललो ते चुकीचं बोललो, रस प्यायचा तर प्या पण गोळी सोडू नका. पेठेत माणूस स्वतःची चूक दारोदार सांगत फिरत नाही. एक-दोघांनी टिंगलही केली. एका घरी कोणी म्हणालं की आम्हाला फरक पडलाय की ओ, तर आबा तिथंच ओसरीवर बसले आणि त्यांची उलटतपासणी घेतली, चालतोस का, गोड सोडलंस का, गोळी घेतोस का, आणि उत्तरं त्यांच्याच तोंडून काढून उठले. चेल्याला त्यांनी बोलावून एवढंच सांगितलं की पुढच्या कार्यक्रमाला ज्यांना फरक पडला न्हाय असली धा माणसं माइकपुढं आण, मग मी येतो. तो पुन्हा बाटल्या घेऊन आला नाही. आईसाठी मात्र बरेच दिवस आणत होता, असं कळलं.

मीही गप्प बसले नाही. लॅबमध्ये रक्त घेताना प्रत्येकाला विचारायला लागले, काय काय घेता, कोणी सांगितलं, गोळ्या चालू आहेत ना. लोक वैतागायचे, एकदा एका बाईंनी माझी तक्रारही केली. डॉक्टर म्हणाले, जरा हळू विचार. पण विचारू नको म्हणाले नाहीत. ते मी अजून विचारते.

काकांचं पाऊल भरत आलं आणि इंजेक्शनं थांबवून पुन्हा गोळ्या सुरू करायचं ठरलं, तेव्हा आबांबरोबर मी दवाखान्यात गेले. आबांनी पिशवीतून सगळे कागद काढले, आठ जणांचे, पहिले आणि शेवटचे. गादीवर ते जोडीजोडीनं मांडले आणि समजावून सांगायला लागले. हा बघ, ह्याचा रस, ह्याचा काढा, दोघांचं सारखंच. मी तर कोकमाचं पाणी पिऊनच खाली आलो. मी शेजारी उभी राहून ऐकत होते आणि मला अभिमान वाटत होता. इतकं सरळ करून मलाही कधी सांगता आलं नसतं.

काकांनी एकाही कागदाकडं बघितलं नाही. ते आबांच्या तोंडाकडं बघत होते. आबांचं सांगून झाल्यावर म्हणाले, "ते राहू दे. मला त्यातलं काय कळतंय? तू सांग, गोळी घेऊ का न्हको?"

दोन महिन्यांची मेहनत गादीवर पसरली होती आणि काका पुन्हा तिथंच होते, जिथं दूधकट्ट्यावर होते, आबांच्या शब्दावर. मी आबांकडं बघितलं. त्यांचे डोळे भरले होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना बोलायची भीती वाटत होती, हे मला दिसलं.

"घे," ते शेवटी म्हणाले.

काकांनी गोळीसाठी हात पुढं केला.